दैवतकथा, दंतकथा आणि तंजावर

तंजन नावाच्या असुराचा भगवान विष्णूंनी वध केला व त्याच्या नावावरून नगरास तंजावर म्हणू लागले, असे स्थलपुराण सांगते. हे कोणत्या साली घडले, असे कोणी विचारीत नाही, विचारूही नये. ती दैवतकथा आहे. दंतकथा मात्र इतिहासातील माणसाचे बोट धरून चालते, म्हणून तिला साल विचारता येते.

छत्रपती संभाजीराजे तंजावरास आले, मुदपाकखान्यात आमसुले नव्हती, आमटीत चिंच पडली आणि पाहुण्याच्या नावावरून तिचे ‘सांबार’ झाले, ही रुचकर कथा मुलखापासून दूर राहणारे आम्ही मुलांना अभिमानाने सांगतो. यजमान शहाजीराजे, संभाजीराजांचे चुलतबंधू, १६८४ साली गादीवर आले. संभाजीराजांचा वध १६८९ साली झाला. काळ जुळतो, आणि म्हणूनच कथा खरी वाटते. परंतु त्या भेटीचा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. कथा अवश्य सांगावी, दंतकथा म्हणून. तंजावरात मराठी नांदली याची साक्ष मुलांना दाखवावयाची, तर बृहदीश्वराच्या मंदिरात जावे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा विस्तृत मराठी शिलालेख तेथील भिंतीवर आहे.