तळटीप : किर्लोस्करांचा लोखंडी नांगर

१. किर्लोस्करांचा नांगर : लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) व त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर आला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांना कारखान्यासाठी दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लाकडी नांगराचा घडीव फाळ गावचा लोहार भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून शेवटून देई. किर्लोस्करांचा फाळ मात्र बिडाचा, साच्यात ओतलेला. झिजला की बोल्ट सैल करून दुसरा बसवायचा. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे सुरुवातीला गिऱ्हाइके मिळेनात. पण सोलापूरकडच्या काळ्या रानात खोल गेलेली हरळी व कुंदा काढायला असाच जड नांगर हवा होता. कर्जात न बुडता शेतकऱ्याला घेता येईल असे अवजार घडवण्याची या घराण्याची चिकाटी महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाचा पाया ठरली. सोलापुरात आज किर्लोस्कर फेरस इंडस्ट्रीजचा ओतीव कामाचा कारखाना आहे. — संपा.