सोमण, भास्कर सदाशिव

(३० मार्च १९१३–८ फेब्रुवारी १९९५). भारताचे नौसेनाप्रमुख. जून १९६२ ते मार्च १९६६ ह्या काळात व्हाइस ॲडमिरल सोमण ह्यांनी हे पद सांभाळले. व्हाइस ॲडमिरल रामदास कटारी ह्यांच्यानंतरचे ते दुसरे भारतीय नौसेनाप्रमुख होत. गोवा मुक्तीच्या कारवाईत त्यांनी ताफ्याचे नेतृत्व केले. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात मात्र नौसेनेला जवळजवळ अलिप्त ठेवण्यात आले. तिन्ही सेनादलांच्या संयुक्त नेतृत्वात नौसेनेचे स्थान कोणते, हा प्रश्न त्यांच्या कारकीर्दीतच प्रथम तीव्रतेने पुढे आला.

सोमण ह्यांची पिढी रॉयल इंडियन नेव्हीत घडली. दुसऱ्या महायुद्धात हे दल दोस्त राष्ट्रांच्या आरमारांसमवेत अटलांटिक महासागर, भूमध्य समुद्र आणि ब्रह्मदेशाचा किनारा येथे लढले. स्वातंत्र्यानंतरही एक दशकाहून अधिक काळ नौसेनेचे प्रमुखपद ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे होते. कटारी १९५८ मध्ये पहिले भारतीय प्रमुख झाले. ह्या काळात ब्रिटन, भारत, पाकिस्तान व श्रीलंका ह्यांच्या नौका त्रिंकोमालीच्या परिसरात संयुक्त कवायती करीत. पुढे एकमेकींविरुद्ध उभ्या राहिलेल्या भारत आणि पाकिस्तानच्या नौसेना अशा रीतीने एकाच शाळेत शिकल्या होत्या.

डिसेंबर १९६१ मधील गोव्याच्या कारवाईचे एकूण सूत्रसंचालन पुणे येथे मुख्यालय असलेल्या दक्षिण विभागाचे प्रमुख, लेफ्टनंट जनरल जयंतनाथ चौधरी ह्यांच्याकडे होते. रिअर ॲडमिरल सोमण हे त्या वेळी भारतीय ताफ्याचे सेनापती होते. म्हैसूर ही क्रूझर व त्रिशूल ही फ्रिगेट ह्यांनी अंजदीव बेटावर नौसैनिक उतरविले. बेटावरील पोर्तुगीजांनी शरणागतीचे निशाण दाखवून नंतर गोळीबार केला आणि सात भारतीय नौसैनिक कामी आले. १८ डिसेंबर रोजी बेटवा व बिआस ह्या फ्रिगेटींनी अफोंसो द अल्बुकेर्क ही पोर्तुगीज युद्धनौका गोव्याच्या बंदरात निकामी केली. दीवसमोर दिल्ली ही क्रूझर होती. नव्याने दाखल झालेली विक्रांत ही विमानवाहू नौका खुल्या समुद्रावर पहारा देत होती. शत्रू दुबळा होता हे खरे. तथापि तिन्ही दलांनी एका योजनेनुसार, एकमेकांस विचारून केलेली ही स्वतंत्र भारतातील एक ठळक कारवाई होय.

सोमण प्रमुखपदी आले आणि चार-पाच महिन्यांतच चीनचे आक्रमण झाले. युद्ध हिमालयात झाल्यामुळे नंतरचा संरक्षणखर्च भूसेना व वायुसेना ह्यांच्याकडे वळला. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. १९६४ मध्ये त्यांनी अमेरिका, सोव्हिएट रशिया व ब्रिटन ह्या देशांचे दौरे केले. ब्रिटनकडून लिअँडर वर्गाच्या फ्रिगेटी माझगाव गोदीत बांधण्याचे ठरले. त्यांतील पहिली निलगिरी १९६८ मध्ये जलावतरित होऊन १९७२ मध्ये नौसेनेत आली. नौसेनेला तातडीने हव्या होत्या त्या पाणबुड्या. त्या ब्रिटनकडून परवडणाऱ्या अटींवर मिळेनात व अमेरिकेने दिल्या नाहीत. अखेर सप्टेंबर १९६५ मध्ये रशियाशी करार झाला आणि कलवरी ही पहिली पाणबुडी ८ डिसेंबर १९६७ रोजी दाखल झाली. पाठोपाठ आलेल्या खांदेरी ह्या पाणबुडीला शिवछत्रपतींनी मुंबईच्या तोंडाशी उभारलेल्या जलदुर्गाचे नाव देण्यात आले. सोमण तोवर निवृत्त झाले होते. अंदमानातील पोर्ट ब्लेअर येथे १९६४ मध्ये स्थापन झालेला जारवा हा नौसेनेचा तळ मात्र त्यांच्याच कारकीर्दीतील होय.

पाकिस्तान सीटो व सेंटो ह्या लष्करी संघटनांचा सदस्य होता आणि त्याला १९६४ मध्ये अमेरिकेकडून गाझी ही पाणबुडी मिळाली होती. सप्टेंबर १९६५ मध्ये युद्ध भडकले, त्या वेळी उपखंडातील ती एकमेव पाणबुडी होती. विक्रांत मुंबईच्या गोदीत दुरुस्तीत अडकलेली, तर ताफ्याचा मोठा भाग बंगालच्या उपसागरात होता. तो मुंबईस परतेपर्यंत सप्टेंबरचा पहिला आठवडा सरला. इंडोनेशियाने पाकिस्तानची बाजू घेतल्यामुळे अंदमान-निकोबारचीही चिंता होती. भूसेनाप्रमुख जनरल चौधरी तिन्ही प्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष होते. परंतु युद्धाचे मोठे निर्णय ते व वायुसेनाप्रमुख अर्जन सिंग ह्यांच्यासह राजकीय नेतृत्वाने घेतले. गोव्याच्या वेळी ज्यांनी नौसेनेला योजनेत सामावून घेतले, त्यांच्याच अध्यक्षतेखाली ती आता योजनेबाहेर राहिली, ही विसंगती नजरेत भरते.

ह्याहून गंभीर बाब म्हणजे शासनाचा लेखी आदेश. नौसेनेने मुंबईपासून २०० मैलांपलीकडे अथवा पोरबंदरच्या अक्षवृत्ताच्या उत्तरेस कारवाई करू नये आणि समुद्रावर स्वतःहून आक्रमण करू नये, असे त्यात म्हटले होते. कराची ह्या मर्यादेच्या बरीच पलीकडे. सोमण ह्यांनी आदेशास हरकत घेतली. चव्हाणांशी बोलून पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ह्यांच्यापर्यंत गाऱ्हाणे नेले. परंतु निर्णय बदलला नाही. युद्धाची व्याप्ती वाढू न देण्याचा शासनाचा हेतू होता. तो सर्वस्वी अयोग्य म्हणता येणार नाही. परंतु त्याची किंमत एकाच दलाच्या माथी पडली.

७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या सात युद्धनौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या. अनेक गोळे मऊ जमिनीत पडून फुटले नाहीत व हानी अल्प झाली. पण देशभर उठलेला क्षोभ अल्प नव्हता. तलवार ही फ्रिगेट जवळच ओखा येथे यंत्राच्या दुरुस्तीसाठी थांबली होती. नौसेना काय करीत होती, ह्या प्रश्नाचे उत्तर सोमण ह्यांना उघडपणे देता येईना; कारण ते उत्तर शासनाच्याच कागदात होते. त्यांनी आदेश पाळला. सनदी सत्तेच्या अधीन राहण्याचा संकेत त्यांनी मोडला नाही, तसेच आपला विरोध लपविलाही नाही. २३ सप्टेंबर रोजी युद्धविराम झाला, तोवर भारतीय ताफ्याला शत्रूशी लढण्याची संधी मिळाली नाही. चव्हाणांची त्या काळातील टिपणे, तसेच निवृत्त नौसेनाधिकाऱ्यांचे ग्रंथ पुढे प्रसिद्ध झाल्यावरच ह्या निर्बंधाची हकीकत सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली.

मार्च १९६६ मध्ये सोमण ह्यांनी पदाची सूत्रे अधरकुमार चतर्जी ह्यांच्याकडे दिली. १९७१ च्या युद्धापूर्वी नौसेनाप्रमुख सरदारीलाल नंदा ह्यांनी कराचीवरील हल्ल्यास पंतप्रधान इंदिरा गांधी ह्यांची अनुमती आधीच मिळवली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री रशियन बनावटीच्या क्षेपणास्त्रनौका पोरबंदरच्या अक्षवृत्तापलीकडे गेल्या आणि कराचीसमोर त्यांनी पाकिस्तानच्या नौका बुडविल्या. त्या वेळी द्वारकेच्या घटनेला सहा वर्षे झाली होती.