वर्षभराची मेहनत, एका तासाचा कचरा

कचरा कशाला म्हणायचे? नासले, कुजले, मोडून निकामी झाले तो कचरा, यात वाद नाही. पण कापडाच्या ठाणाचा उरलेला तुकडा, चलन संपलेल्या रंगाची बटणे, प्रयोग बंद झालेल्या नाटकाचे पडदे, पत्ता बदलल्यामुळे बाद झालेली लेटरहेडची रिमे, यांत बिघडलेले काहीच नसते. ज्याच्याकडे ते आहे त्याला नको असते आणि ज्याला हवे आहे त्याला ते कुठे पडून आहे हे ठाऊक नसते. या दोघांची गाठ घालून देणारी कोठारे काही शहरांनी गेल्या पन्नास वर्षांत उभी केली. त्यांतले न्यूयॉर्कचे कोठार फार जाणते आहे.

१९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. हजारो शिक्षकांना कामावरून कमी केले गेले. पैसा आटला की कात्री पहिल्यांदा चित्रकला आणि संगीतावर चालते, हे आपल्यालाही माहीत आहे. अशा दिवसांत, १९७८ साली, महापालिकेच्या सांस्कृतिक विभागात काम करणाऱ्या अँजेला फ्रेमाँट या चित्रकर्तीला कळले की, सेंट्रल पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाला जनावरांची औषधे ठेवायला फ्रीज हवा आहे. विकत घेण्याचा विचार बाजूला ठेवून तिने स्थानिक रेडिओवरून लोकांना आवाहन केले. गरज एका फ्रीजची होती, देणारे मात्र पुष्कळ निघाले. लोकांच्या घरात आणि गोदामांत इतके पडून आहे, तर ते नेमके गरजवंताकडे का जाऊ नये? या विचारातून 'मटेरियल्स फॉर द आर्ट्स' हा उपक्रम सुरू झाला आणि तो आजही चालू आहे.

त्याचे गोदाम क्वीन्समधल्या लाँग आयलंड सिटी भागात आहे, सुमारे ३५ हजार चौरस फुटांचे. सांस्कृतिक विभाग ते चालवतो, सफाई खाते आणि शिक्षण खाते हातभार लावतात. दुकानदार, फॅशनच्या कंपन्या, नाटकवाले, चित्रपटवाले आणि साधे रहिवासी आपल्याकडचे वापरण्याजोगे सामान देतात. कापड, कागद, रंग, चौकटी, मणी, टेबल-खुर्च्या असे सगळे तिथे वेगवेगळे लावून ठेवलेले असते. सरकारी शाळांचे शिक्षक आणि कलेचे काम करणाऱ्या सेवाभावी संस्था येऊन हवे ते निवडून नेतात. किंमत काही नाही, फक्त ज्याने वस्तू दिली त्याला आभाराचे पत्र लिहायचे. आपली वस्तू कुठे गेली हे कळले की देणारा पुढच्या वेळी पुन्हा आठवणीने देतो.

आता थोडा हिशेब. वाणिज्य शाखेची सवय, आकडे बघितल्याशिवाय राहवत नाही. हे कोठार वर्षाला दहा लाख पौंडांच्या आसपास सामान कचऱ्यात जाण्यापासून वाचवते. मोठा आकडा वाटतो. पण न्यूयॉर्कचे सफाई खाते एका दिवसात सुमारे दोन कोटी चाळीस लाख पौंड कचरा उचलते, म्हणजे तासाला दहा लाख पौंड! कोठाराची वर्षाची मेहनत आणि शहराचा एका तासाचा कचरा बरोबरीचे. मग एवढा खटाटोप कशासाठी?

पहिले उत्तर असे की, वजनाचा हिशेब अपुरा आहे. शाळेला पाच वार कापड तिथून मिळाले आणि त्यामुळे तिने नवे घेतले नाही, तर त्या नव्या कापडाला लागणारे पाणी, वीज, रंग हेही वाचले. कारखान्याच्या दारात होणारा हा नासाडीचा भाग शहराच्या कचरागाडीत कधीच दिसत नाही. अर्थात शाळा नवे कापड घेणारच नसेल, तर ही बचत धरता येणार नाही. तेव्हा जमेला धरायचा तो मुलांना मिळालेला चित्रकलेचा तास.

दुसरे उत्तर इटलीतल्या रेज्जो एमिलिया या शहरात सापडते. १९४५ साली युद्ध संपताच तिथल्या व्हिला चेल्ला या खेड्यातल्या लोकांनी पळालेल्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकले, आणि त्या पैशांतून लहान मुलांची शाळा बांधायला घेतली. त्या शहराच्या बालशाळा पुढे जगभर नावाजल्या. तिथेच १९९६ साली नगरपालिकेने 'रेमिदा' नावाचे कोठार उघडले. स्पर्शाने सोने करणाऱ्या मिडास राजावरून हे नाव पडले. आसपासच्या कारखान्यांतले पुठ्ठे, दोऱ्या, चामडे, रबर यांचे उरलेले तुकडे तिथे येतात आणि शाळांना मिळतात. दुकानातले खेळणे मुलाला सांगते, माझ्याशी असे खेळ. रबराचा तुकडा काहीच सांगत नाही. त्याचे काय करायचे ते मुलालाच ठरवावे लागते. ज्या मुलाने लहानपणी असे तुकडे हाताळले, ते मोठेपणी कुठलीही वस्तू फेकण्याआधी क्षणभर तरी थांबेल, अशी आशा ठेवायला हरकत नाही.

एक धोका मात्र आहे. देण्याची सोय झाली की घेण्याचा हात सैल होतो. "नको झाले तर देऊन टाकू" म्हणत आपण चार चादरी जास्त आणतो, आणि दानाच्या नावाखाली परिग्रह वाढतच राहतो. न्यूयॉर्कचा तो तासाचा आकडा कुठलेही कोठार कमी करू शकणार नाही. तो कमी होईल तो दुकानाच्या काउंटरवर, पैसे देण्याआधी. कोठाराचे काम त्यानंतरचे. घरात आधीच येऊन पडले आहे, त्याला योग्य हात शोधून देण्याचे.

आपल्या गावात असे कोठार नसेल, तरी गल्लीतल्या शाळेच्या चित्रकलेच्या बाईंना एकदा विचारून बघा, त्यांना काय हवे आहे. आधी विचारायचे आणि मग द्यायचे. फ्रेमाँटबाईंनीही गरज आधी ऐकली होती, सामान नंतर मागितले होते.