परसातला हौद आणि जपानी मासे



नाशिकच्या नव्या वसाहतींत, विशेषतः गंगापूर रस्त्याच्या बाजूस, बंगल्याच्या परसात एक लहानसे तळे बांधून त्यात कोई नावाचे रंगीबेरंगी जपानी मासे सोडण्याची हौस हल्ली दिसू लागली आहे. जुन्या गावातील मंडळी या नव्या थाटाकडे किंचित उपहासाने पाहतात. परंतु ज्यांच्या आजोबांच्या वाड्यातल्या चौकात हौद होता, त्यांनी हसावे असे यात फारसे काही नाही. घरी पाणी साठविणे, ते निर्मळ राखणे आणि त्यात जीव पाळणे ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. ती कशी होती, कशी मोडली आणि आता कोणत्या रूपाने परत येत आहे, हे आज सांगावयाचे आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इसवी सन ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या नाना विनोदांचे वर्णन करताना त्याने मत्स्यविनोदासही जागा दिली असून माशांच्या जाती व त्यांना घालावयाचे खाद्य सांगितले आहे. तेथे मासे अखेर गळाला लावण्यासाठीच पोसले जात, ही गोष्ट निराळी. केवळ श्रद्धेने मासे राखल्याची उदाहरणे पाहावयाची तर महाडजवळचा वाळणकोंड पाहावा, किंवा वैतरणेच्या काठचे तिळसे. वैतरणा आपल्या त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते आणि तिळसेश्वराच्या देवळापाशी तिच्या डोहातील मोठमोठ्या माशांस आजही कोणी गळ लावीत नाही.

पाणी निवळविण्याचा विचार तर याहूनही जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात गढूळ पाणी स्वच्छ करण्याची सात साधने दिली आहेत : निवळीचे बी, गोमेद, कमळाच्या कंदाची गाठ, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी. मोत्यांविषयी मी काही बोलत नाही. ती राजेरजवाड्यांची चैन. पण निवळीचे बी घासून पाण्यात टाकले की मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस धरून तळाशी बसतात, हे आजच्या रसायनशास्त्रज्ञांनीही मान्य केले आहे. कमळाचा कंद आणि शेवाळ या यादीत यावेत, याचे मला विशेष कौतुक वाटते. पाण्यातील वनस्पती पाणी राखते, हे कोणा तरी बारकाईने पाहणाऱ्याच्या ध्यानात आले असले पाहिजे.

आता पेशवाईकडे वळू. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजचे पाणी पुण्यास आणले. तेथे एकापुढे एक असे दोन तलाव आहेत. वरच्यात गाळ बसावा आणि खालच्यातून निवळ पाणी भुयारी नळात जावे, अशी ती रचना. नळावर जागोजागी 'उच्छ्वास' ठेवलेले होते. ते पाणी गावातील हौदांतून लोकांस मिळे. नाशिकला या खटपटीची गरज भासली नाही, कारण गोदावरीच दारात होती. रामकुंड १६९६ मध्ये चित्रराव खटारकर यांनी बांधले व १७८२ मध्ये गोपिकाबाईंनी ते दुरुस्त केले, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. वाहती नदी आणि तळचे झरे, हीच त्या कुंडांची गाळणी होती. पुढे तळाला काँक्रीट घातले गेले आणि ते काढावे म्हणून नाशिककरांस न्यायालयापर्यंत जावे लागले.

मग घरचे हौद गेले कोठे? नळ आले, हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे डास. १९११ मध्ये डॉक्टर बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाविषयी अहवाल दिला. घरोघरच्या विहिरींत हिवतापाचा डास वाढतो, असे त्यात दाखविले होते. विहिरी बुजवा किंवा झाका, असा हुकूम सुटताच धार्मिक भावनेने त्यास विरोधही झाला. साठलेले पाणी म्हणजे रोगाचे घर, ही समजूत तेव्हापासून शहरी माणसाच्या मनात घट्ट बसली, आणि ती निराधार नव्हती. परंतु उपायही त्याच पाण्यात होता. १९२८ मध्ये गॅम्ब्युसिया नावाचा मासा डासांच्या अळ्या खाण्यासाठी मुद्दाम हिंदुस्थानात आणला गेला. गप्पी मासे तर त्यापूर्वीच आले होते.

कोई मात्र कामासाठी आलेला नाही. तो शोभेचा पाहुणा आहे. जपानातील निईगाता प्रांतात यामाकोशी व ओजिया या डोंगराळ भागातील शेतकरी भातखाचरांच्या तळ्यांत हिवाळ्याच्या जेवणासाठी कार्प पाळीत. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांत क्वचित तांबडे-पांढरे पिल्लू निपजू लागले. गरीब शेतकऱ्यांनी ते न खाता जपले, आणि निवडून निवडून आजचे रंग सिद्ध केले. १९१४ च्या टोकियो प्रदर्शनात ते प्रथम जगापुढे आले. २००४ साली त्या भागात भयंकर भूकंप झाला, तेव्हा माणसे सुखरूप हलविल्यावर उरलेले मासे हेलिकॉप्टरने उचलून आणण्यात आले. यावरून त्यांची तेथील किंमत कळावी.

अशा माशास आपल्या परसात जगवावयाचे तर गाळणीचे मर्म समजले पाहिजे. बहुतेकांस वाटते, गाळणी म्हणजे कचरा अडविणारे फडके. १८७७ मध्ये श्लोझिंग व म्युंत्स या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग अकस्मात अमोनिया नाहीसा होऊन त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तो क्रिया थांबली. थोडे मातीचे पाणी घातले, तो ती पुन्हा सुरू झाली. क्लोरोफॉर्मने निर्जीव वाळू थोडीच बेशुद्ध पडणार? अर्थात काम करणारे सजीव होते. पुढे १८९० मध्ये विनोग्राद्स्की याने ते जंतू वेगळे काढून दाखविले.

माशाच्या श्वासातून व मळातून अमोनिया निघतो, आणि तो त्याच्याच कल्ल्यांस विष होतो. गाळणीच्या खडीवर, जाळीवर वसलेले जंतू त्याचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट वनस्पती शोषून घेतात. हे सारे कुटुंब वसण्यास काही आठवडे लागतात. म्हणून तळे भरल्याच्या दुसऱ्या दिवशी डझनभर मासे आणून सोडणाऱ्या गृहस्थाच्या पदरी बहुधा निराशा येते. नळाच्या पाण्याने गाळणी खळखळून धुणारा तर आणखी घात करतो. त्यातील क्लोरीन जंतूंस मारते. गाळणी तळ्याच्याच पाण्यात विसळावी.

वनस्पतींविषयी एक सूचना. कोई हा मुळे उकरणारा मासा आहे. कमळ त्याच्या तावडीत दिले तर टिकत नाही. शेजारी उथळ वेगळी कुंडी करून त्यात कमळ, वेखंड लावावे व पाणी तेथून फिरवून आणावे. शिवाय झाडे रात्री प्राणवायू घेतात. वीस अंश उष्णतेच्या एका लिटर पाण्यात फार तर नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांवर साडेसातच. नाशिकच्या वैशाखात पहाटे मासे पृष्ठभागी तोंड उघडून येतात, त्याचे हेच कारण. पंप रात्री बंद करून विजेचे पैसे वाचविणे त्या ऋतूत महागात पडते.

आणि मासे फार झाले तर? ते गोदावरीत सोडून पुण्य जोडण्याचा मोह अनेकांस होतो. कार्प मासा १९३९ मध्ये सिंहलद्वीपातून उटकमंडास आणला गेला व पुढे देशभर पसरला. तो तळ उकरून पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो. आपल्या खाली निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरचे जलाशय आहे. बंधाऱ्यामागे ते आपोआप घडले, आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. तेथील पक्षी ज्या पाणवनस्पतींवर जगतात त्यांवर परसातली हौस सोडू नये. जादा मासे दुसऱ्या हौशी गृहस्थास द्यावेत. तळ्यातून उपसलेले पाणी मात्र नदीनाल्यात न घालविता केळीच्या बुंध्याशी घालावे. त्यात नायट्रेट असते, आणि केळीस ते फार मानवते.