कुंभारीण

अंबरनाथच्या शिवालयास (शके ९८२, इ. स. १०६०) आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबे केव्हा ना केव्हा जाऊन आली असतील. तेथील शिल्पांच्या खोबणींत मातीची लहान लहान घरटी आम्ही पाहिली आहेत. ती कुंभारणीची होत. बारीक कमरेची ही माशी तोंडाने ओल्या मातीची गोळी आणते व थरावर थर देत घर रचते. तिच्या एका जातीचे घर तर हुबेहूब गाडग्यासारखे: पोट गोल, गळा आवळलेला, काठ बाहेर वळविलेला. आणि हे सारे चाकाशिवाय!

परदेशी कुंभारांनी कीटकांस आपल्या भांड्यांवर स्थान दिले. जर्मनीतील माइसेन येथे १७१० साली निघालेल्या कारखान्यात चिनी मातीच्या बशांवर फुलपाखरे व भुंगे रंगवीत. भाजताना पडलेला डाग झाकण्यास किडा फार सोयीचा, असे सांगतात. आपल्याकडे उलट घडले. लोकांनी किड्यासच आपल्या ज्ञातीतील स्त्रीचे नाव दिले.

कुंभारणीने घर केले की पाळणा हलणार, असे जुन्या बायका मानीत आणि ते घर मोडू देत नसत. अवधूताच्या चोवीस गुरूंतही ती आहे. भागवताच्या ज्या एकादश स्कंधावरील टीका एकनाथांनी १५७३ साली काशीस पूर्ण केली, त्यातच ही कथा येते. कोंडलेली अळी भयाने तिचे ध्यान करीत अखेर तिच्यासारखीच होते, असा तो दृष्टांत. प्रत्यक्षात दंशाने लुळी केलेली अळी ही तिच्या पिलाची शिदोरी असते. दृष्टांताचे मोल याने उणे होत नाही; आमचे लक्ष मात्र नावाकडे आहे.

ती कुंभार नव्हे, कुंभारीण. आपल्यात चाक पुरुषाचे मानले गेले. माती आणणे, चाळणे, लीद व राख मिसळून तुडविणे, चुली हाताने घडविणे, भांडी रंगविणे आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणे हे सारे बायकांकडे. कारागीर म्हणून नाव मात्र घरधन्याचे. संक्रांतीस सवाष्णी ज्या सुगडांत हरभरे, बोरे, उसाची कांडी व तिळगूळ भरतात, त्यांवरील रंगाची रेघ कोणाच्या हातची असते, हे कोणी विचारले आहे काय? आमच्याही जुन्या नोंदींत हा दोष आहे, तो कबूल करावयास हवा.

उल्हासनगर (हे नाव १९४९ सालचे), अंबरनाथ व बदलापूर येथे पोटापाण्यासाठी आलेल्या आपल्या कित्येक घरांतून चाक गेले. सदनिकेत भट्टी कोठे लावणार? तरी माळ्यावर एखादे बोळके, सुगड वा रंगविलेला माठ उरला असेल. तो टाकू नये. कोणत्या आजीने, कोणत्या गावी, कोठल्या मातीचा केला, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून तिच्या नावासह आम्हांस लिहून कळवावे. पुढील अंकाची काही पृष्ठे त्यासाठी राखून ठेवीत आहोत.