सुरांचे बीजगणित

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात काळानुसार होणारा बदल. कोणत्या क्षणी दाब किती, हे सांगणारे काळाचे फलन, म्हणजेच फंक्शन, मिळाले की ध्वनी मिळाला. १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी याच कल्पनेवर ‘म्युझिक’ ही आज्ञावली लिहिली. आयबीएम ७०४ या संगणकाने क्षणाक्षणाच्या दाबाचे आकडे काढले आणि त्यांतून १७ सेकंदांची धून वाजली.

मात्र नेहमीच्या संगणकभाषांत आपण एकामागून एक हुकूम सोडत असतो. ‘क’ची किंमत एका ओळीत ५, तर पुढच्या ओळीत ६ असू शकते. फळ्यावरच्या बीजगणितात असे चालत नाही! फोर्ट्रान भाषेचे जनक जॉन बॅकस यांनीच १९७७ साली ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात या पद्धतीवर टीका केली. आज्ञावली फलने जोडून रचावी, असा त्यांचा आग्रह होता. १९९० मध्ये प्रथम जाहीर झालेली हॅस्केल ही अशीच भाषा.

हॅस्केलच्या रचनाकारांपैकी एक, येल विद्यापीठातील पॉल हुडाक यांनी १९९६ साली सहकाऱ्यांसह ‘हॅस्कोर’ ही संगीतलेखनाची पद्धत मांडली. तिचे मूळ घटक दोन: स्वर आणि विराम. जोडण्याच्या क्रियाही दोन: एकामागून एक आणि एकाच वेळी. समजा, एक तुकडा ४ मात्रांचा व दुसरा ३ मात्रांचा आहे. सलग वाजवल्यास कालावधी ७ मात्रा. एकदम सुरू केल्यास ४. तीन तुकडे सलग जोडताना कंस कोठेही घाला, संगीत तेच राहते; क्रम बदलला की ते बदलते. एकाच वेळी वाजवताना मात्र क्रमाने फरक पडत नाही. साहचर्य आणि क्रमनिरपेक्षता हे शाळेतलेच नियम! त्यांच्या आधारे दोन रचना समान आहेत हे न वाजवता सिद्ध करता येते.

अडचण होती वेगाची. कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाच्या ध्वनीला सेकंदाला ४४,१०० आकडे लागतात; ते वेळेवर आले नाहीत तर कानाला खटका जाणवतो. हॅस्कोरने म्हणूनच रचना लिहिण्याचे काम स्वतःकडे ठेवले आणि प्रत्यक्ष ध्वनिनिर्मिती इतर साधनांवर सोपवली. २००२ साली फ्रान्समधील लियाँ येथे तयार झालेल्या ‘फॉस्ट’ भाषेने पुढचा मार्ग दाखवला. माणसाने फलनांच्या भाषेत लिहायचे आणि कंपायलरने त्याचे सी++ सारख्या वेगवान भाषेत रूपांतर करायचे.

वर्गात दोन गट करून ४ आणि ३ टाळ्यांचे तुकडे आधी सलग, मग एकदम वाजवून पाहावेत. कोणते नियम टिकतात, हे विद्यार्थीच सांगतील.