दरबार उठल्यानंतर : धार, देवास आणि ऐकणारा माणूस

‘मला गाण्यातले काही कळत नाही, पण ऐकायला आवडते,’ हे वाक्य तुम्ही कधी ना कधी उच्चारले असेल, निदान ऐकले तरी असेलच. कविता आवडणारा माणूस छंदःशास्त्र येत नसल्याबद्दल क्षमा मागत नाही. शास्त्रीय संगीताच्या बाबतीत मात्र सुशिक्षित मराठी माणूस आवड सांगण्याआधी अज्ञान कबूल करतो. ही भीड आली कुठून, आणि ती बाळगण्याचे कारण आज उरले आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे मला माळव्यातल्या दोन मराठी संस्थानांच्या इतिहासात सापडतात. इंदूरच्या एका अंगाला धार, दुसऱ्या अंगाला देवास. दोन्हीकडे पवारांच्या गाद्या होत्या आणि दोन्हीकडे गाण्याला राजाश्रय मिळाल्याचा जुना इतिहास आहे.

आधी धारकडे पाहू. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. ग्रंथारंभी त्याने पूर्वाचार्यांची जी नामावळी दिली, तिच्यात धारच्या भोजराजाचे नाव आहे. त्याच शतकाच्या आरंभी परमार राजा अर्जुनवर्मा याच्या काळात मदन नावाच्या कवीने ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका रचली. वसंतोत्सवात खेळण्यासाठी रचलेल्या या नाटिकेचे पहिले दोन अंक शिळेवर कोरलेले 1903 साली धारलाच मिळाले. धारपासून जवळच मांडू. तिथला सुलतान बाजबहादूर 1561 साली अकबराच्या सैन्याकडून हरला. पुढे तो अकबराच्याच पदरी राहिला आणि अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त दरबारच्या गवयांमध्ये त्याची गणना केली.

या साऱ्या कथांत एक गोष्ट सारखी आहे. नाव शिल्लक राहते ते राजाचे, कवीचे किंवा गवयाचे. वसंतोत्सवात समोर बसलेल्या माणसांची नोंद कोणी ठेवली नाही. संगीत ही राजाची दौलत होती, आणि दुसऱ्याच्या दौलतीकडे पाहताना माणूस जरा अंग चोरूनच उभा राहतो. आपली भीड तिथून आलेली आहे.

देवासची गोष्ट आणखी मौजेची आहे. एकाच गावात दोन राज्ये : थोरली पाती आणि धाकटी पाती. एवढ्याशा गावाने जपलेली संगीताची श्रीमंती मोठी होती. 1874 साली जन्मलेले उस्ताद रजब अली खाँ यांचे नाव देवासशी कायमचे जोडले गेले. त्यांच्या तानांची धास्ती भल्याभल्या गवयांनी घेतली. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांच्या गायकीवरही जाणकार त्यांचा प्रभाव सांगतात. पण दरबारी मैफलीला कोण बसणार हे दरबार ठरवी. इतरांच्या वाट्याला येई ते उत्सवातले, देवळातले गाणे.

तो उत्सव एका परक्या माणसाने बारकाईने पाहिला. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 साली थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्याकडे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. तिथली गोकुळाष्टमी त्याने अनुभवली. एकाच वेळी वाजणाऱ्या वाद्यांच्या कल्लोळाने तो हैराण झाला, पण त्यातला आनंद त्याच्या नजरेतून सुटला नाही. 1924 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीचा शेवटचा भाग त्याच गोकुळाष्टमीवर उभा आहे. त्यात तुकारामांच्या नावाचा गजरही आहे.

याच कादंबरीत एक प्रसंग आहे. चहापानाच्या मंडळींसमोर प्रोफेसर गोडबोले अचानक गाऊ लागतात. इंग्रज पाहुण्यांचे कान चाल शोधत राहतात आणि त्यांना ती सापडत नाही. घरच्या नोकरांना मात्र गाणे पोचते. तळ्यात शिंगाडे काढणारा एक गडी तर हातचे काम सोडून, आनंदाने ओठ विलग झालेल्या चेहऱ्याने पाण्याबाहेर येतो. त्या शिंगाडेवाल्याला रागाचे नाव ठाऊक असेल असे फॉर्स्टर कुठे सुचवत नाही. पाहुण्यांचा कान आपल्या ओळखीच्या वळणाची चाल हुडकत होता. त्या गड्याचा कान समोर आले ते घेत होता. देवास पाहून आलेल्या लेखकाने ही गोष्ट लिहावी, हे मला अर्थपूर्ण वाटते.

आता 1948 या वर्षाकडे वळू. त्या साली माळव्यातली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि शतकानुशतकांचा राजाश्रय संपला. गवयाने आता गायचे कोणासाठी, हा प्रश्न उभा राहिला. नेमक्या त्याच वर्षी तेवीस वर्षांचा एक क्षयग्रस्त गवई कोरड्या हवेसाठी देवासला येऊन राहिला. तो म्हणजे बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व.

लहानपणी कुमारांची ख्याती होती ती हुबेहूब नकलेची. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकायच्या आणि जशाच्या तशा गाऊन दाखवायच्या. पुढे मुंबईत प्रा. बा. र. देवधरांकडे त्यांची तालीम झाली. देवासला आल्यावर मात्र डॉक्टरांनी गाण्यावर बंदी घातली. पत्नी भानुमतींनी त्यांची सेवा केली. पाच-सहा वर्षे कुमारांना फक्त ऐकता येत होते. जे कानी पडले ते लगेच गळ्यातून काढून पाहण्याची सोय नव्हती. नकलेची वाट बंद झाल्यामुळे ऐकलेले आतच मुरत राहिले.

आणि कानी काय पडत होते? बायकांची लग्नातली गाणी, पावसाळ्यातली गाणी, दारावरून जाणाऱ्या नाथपंथी गायकांची निर्गुणी भजने. आपल्याकडे जसा भोंडला, तशी तिकडे पितृपंधरवड्यात मुली ‘संजा’ घालतात आणि गाणी म्हणतात. त्या चालींत स्वर चार-पाचच असतात. तेवढ्या स्वरांत रागाचे बीज आहे, हे कुमारांना पडल्यापडल्या उमगले. स्ट्रेप्टोमायसिनमुळे ते बरे झाले आणि 1953 पासून पुन्हा गाऊ लागले. त्यांनी लोकधुनांतून नवे राग बांधले आणि त्यांना ‘धुनउगम’ म्हटले. 1965 साली ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाला. एका अर्थाने ते त्या अंथरुणावरच्या श्रवणाचे फळ होते.

इकडे नवा आश्रयदाताही घडत होता. 1952 साली आकाशवाणीने संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 1955 साली इंदूरला आकाशवाणी केंद्र आले. ज्याला दरबाराच्या दारात कोणी उभे केले नसते तो कारकून, मास्तर, दुकानदार घरी बसून मोठ्या गवयांना ऐकू लागला. या नव्या श्रोत्याचा कुमारांनी नीट विचार केला. ‘गीतवर्षा’, कबीर-सूर-मीरा यांची ‘त्रिवेणी’, माळव्याच्या लोकधुना, ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे विषय घेऊन त्यांनी कार्यक्रम बांधले. कोणा परंपरानिष्ठांनी त्यांना नावेही ठेवली. पण सामान्य माणसाला ऋतू, संत, नाट्यगीत यांची ओळख आधीपासून होती. त्या ओळखीच्या उंबऱ्यावरून तो रागाच्या घरात सहज शिरला.

तुम्हालाही हीच वाट मोकळी आहे. सुरुवात दीडतासाच्या विलंबित ख्यालापासून करण्याची सक्ती कोणी केलेली नाही. आवडीचे एखादे नाट्यपद किंवा भजन घ्या. ते ज्या रागावर आधारलेले आहे, त्याच रागातली मध्यलयीची एक छोटी बंदिश ऐका. तीनतालाच्या सोळा मात्रा मोजत बसू नका. बंदिशीचा मुखडा फिरून फिरून येतो आणि एका ठिकाणी टेकतो, तिथे तुमची मान आपोआप हलेल. ती सम. मग तोच राग दुसऱ्या गवयाकडून ऐका. काय बदलले आणि काय तसेच राहिले, एवढेच मनाशी पाहा. जे तसेच राहिले तो राग, जे बदलले ती गायकी. महिनाभर एकच राग पुरे. विलंबित ख्यालाची संथ चाल तेव्हा कंटाळवाणी वाटणार नाही, कारण गवई कुठल्या घरात हिंडतो आहे हे तुम्हाला ठाऊक असेल.

शास्त्र निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील होते आणि गाण्याच्या ओढीने आयुष्यभर गवयांना ऐकत, विचारत देशभर हिंडले. त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत लिहिली ती गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपाने. प्रश्न पडायला आधी काही कानावरून गेलेले असावे लागते. श्रवण आधी, शास्त्र मागून; हा क्रम उलटा केला की भीड वाढते आणि मैफलीतली खुर्ची रिकामी राहते.

त्या रिकाम्या खुर्चीची काळजी करण्याचे कारण आहे. भोजाची सभा गेली, पवारांचे दरबार उठले, रेडिओचे दिवसही मागे पडले. रजब अली खाँ 1959 साली गेले, कुमार 12 जानेवारी 1992 रोजी देवासलाच गेले. आता राजाच्या जागी तुम्ही आहात. वर्षासन देण्याची ऐपत तुमच्यापाशी नसेल, पण गावातल्या एखाद्या नवख्या गायिकेच्या मैफलीला तिकीट काढून बसण्याची आणि भैरवीपर्यंत न उठण्याची आहे. तेवढे केलेत, तर ‘मला गाण्यातले काही कळत नाही’ हे वाक्य पुन्हा म्हणण्याची गरज पडणार नाही. कळो न कळो, गाणे तुमच्यासाठी चालले असेल आणि तुमच्यामुळेही.